अभिप्राय कोणत्या पाहुण्याचा?

नागझिऱ्याच्या किंवा नवेगावबांधच्या जंगलात एखादा गोरा पर्यटक उतरला की वृत्तपत्रसृष्टीत लहानशी धांदल उडते. वाघ दिसला का, सारस दिसला का, जेवण मानवले का, रस्ते कसे वाटले, असे प्रश्न होतात आणि शेवटी तो ठरलेला प्रश्न येतो : भारत कसा वाटला? पाहुणा तीन दिवसांचा असतो. त्यातला एक दिवस प्रवासात गेलेला असतो आणि उरलेले दोन जिप्सीच्या मागच्या आसनावर. तरीही त्याचे उत्तर टिपून घेण्यासाठी लेखण्या सरसावलेल्या असतात. ‘अद्भुत’ म्हणाला तर छायाचित्रासह तीन स्तंभ. गोंदिया स्थानकाचा फलाट, तेथील स्वच्छतागृह आणि वाटेवरची उघडी गटारे यांविषयी दोन कटू शब्द बोलला, तर त्याच पानावर ‘देशाची बदनामी’ असा मथळा. वरवर पाहता या दोन परस्परविरुद्ध प्रतिक्रिया आहेत; परंतु दोहोंच्या मुळाशी गृहीतक एकच आहे, की पाहुण्याचे मत म्हणजे निकाल आणि आपण आरोपी.

या वृत्तीला जुन्या पंडितांनी ‘परप्रत्ययनेय बुद्धी’ असे अचूक नाव दिले आहे. दुसऱ्याच्या प्रत्ययावर चालणारी, स्वतःचा डोळा मिटून घेतलेली ही बुद्धी आहे. स्वातंत्र्याला पाऊणशे वर्षे उलटून गेली, तरी सारा देश दाखवायला बसवलेल्या मुलीसारखा खाली मान घालून बसला आहे आणि येणारा प्रत्येक पाहुणा जणू वरपक्षाकडचा आहे, असे हे चित्र दिसते. मुलगी पसंत पडली की घरात पेढे वाटायचे आणि नापसंत झाली की पाहुण्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. आपल्या घराची अवस्था नेमकी काय आहे, हे मात्र दोन्ही प्रसंगी कुणी उठून पाहात नाही.

हा आरोप केवळ इंग्रजाळलेल्या वर्गावर करून सुटका होण्यासारखी नाही. स्वत्वाचा उद्घोष करणाऱ्या घरांतही ही बाधा पोहोचली आहे आणि तिचे सर्वांत लाजिरवाणे उदाहरण म्हणजे मेकॉलेच्या नावाने फिरणारा तो सुप्रसिद्ध उतारा. भारतभर फिरलो, पण एकही भिकारी वा चोर दिसला नाही, अशा आशयाचे उद्गार मेकॉलेने २ फेब्रुवारी १८३५ रोजी ब्रिटिश संसदेत काढले, असे व्याख्यानांतून, भित्तिपत्रकांतून आणि दिनदर्शिकांवरून वर्षानुवर्षे सांगितले जाते. वस्तुस्थिती अशी, की मेकॉले १८३४ मध्ये भारतात आला आणि त्या फेब्रुवारीत तो कलकत्त्यात होता. शिडाच्या जहाजांच्या त्या काळात कलकत्त्याहून लंडनला पोहोचण्यास कित्येक महिने लागत. त्या तारखेचे त्याचे जे खरे टिपण उपलब्ध आहे, ते शिक्षणाविषयीचे आहे आणि त्यात संस्कृत व अरबी वाङ्मयाविषयीची तुच्छताच ठासून भरलेली आहे. म्हणजे ज्याने अपमान केला, त्याच्याच तोंडी स्तुती घालून ती आपण भिंतीवर लावली! भारताच्या समृद्धीचे पुरावे ताम्रपटांत आहेत, मंदिरांच्या शिलालेखांत आहेत, व्यापाराच्या इतिहासात आहेत. ते वाचण्याचे कष्ट घेण्यापेक्षा साहेबाच्या सहीचा बनावट दाखला सोयीचा वाटावा, याहून मोठा पराभव मेकॉलेलाही कल्पिता आला नसता.

निंदेच्या बाजूचे उदाहरण सर्वपरिचित आहे. कॅथरीन मेयो ही अमेरिकन बाई काही महिने भारतात फिरली आणि १९२७ मध्ये तिचे ‘मदर इंडिया’ प्रसिद्ध झाले. हिंदी लोक स्वराज्यास कसे अपात्र आहेत, हे सांगण्यासाठी साम्राज्यवाद्यांना ते पुस्तक हवेच होते. सारा देश खवळला. लाला लजपतराय यांनी पुढच्याच वर्षी ‘अनहॅपी इंडिया’ लिहून तिच्या आकडेवारीचा आणि हेतूचा समाचार घेतला. गांधीजींनी त्या पुस्तकाला गटार-निरीक्षकाचा अहवाल म्हटले, हे सर्वांच्या लक्षात आहे. परंतु त्याच लेखात त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती मात्र सोईस्करपणे विसरली जाते. बाईने ज्या रीतीने आरोप मांडले ती रीत नाकारावी, पण त्यांच्या मुळाशी जे तथ्य आहे ते नाकारू नये आणि भारतीयांनी हे पुस्तक वाचले तर त्यांचा लाभच होईल, असा त्यांचा अभिप्राय होता. त्यांना हे म्हणण्याचा अधिकार होता, कारण मेयोबाई येण्याच्या कितीतरी आधी, १९१७ मध्येच, रेल्वेच्या तिसऱ्या वर्गातील हालांवर त्यांनी स्वतः लिहिले होते. डब्यातली घाण, फलाटावरची गैरसोय आणि सहप्रवाशांचे बेशिस्त वर्तन यांतले काहीही त्यांनी झाकले नव्हते. ते हाल त्यांनी स्वतः भोगले होते आणि लिहिताना परकीय वाचकाची मर्जी त्यांच्या डोळ्यांपुढे नव्हती.

गोंदियाच्या फलाटाविषयी तीन दिवसांच्या पाहुण्याला काय कळणार? त्याला दुर्गंधी कळते, ती खरी असते आणि त्याबद्दल त्याच्यावर रागावणे हास्यास्पद आहे. मात्र हावडा-मुंबई मार्गावरच्या या जंक्शनात रोज ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याला, धानाच्या व्यापाऱ्याला, नागपूरच्या रुग्णालयाकडे निघालेल्या म्हाताऱ्याला जे कळते, ते त्याला कळत नाही. कोळशाच्या मालगाड्यांना वाट देण्यासाठी प्रवासी गाड्या खोळंबतात, ही या पट्ट्यातली नित्याची तक्रार आहे. तिच्यावर ‘परदेशी पर्यटक म्हणतात’ असा मथळा कधी येत नाही, म्हणून तिची दखलही त्या तातडीने घेतली जात नाही. स्वच्छतागृह पाहुण्यासाठी धुवायचे आणि गावकऱ्यासाठी कुलूप लावून ठेवायचे, ही रीत ज्या देशात रूढ होते, त्या देशाची बदनामी करण्यास बाहेरून कुणी येण्याची गरज नसते.

मग परकीयाचे मत ऐकूच नये काय? तसे म्हणणे कूपमंडूकपणाचे ठरेल. या देशाने परकीय प्रवाशांचे ऐकले आहे आणि त्यांच्या लेखनावर आपल्या इतिहासाचा मोठा भाग उभा आहे. प्रश्न आहे तो पाहुण्याची पारख करण्याचा. सातव्या शतकात युआन श्वांग आला, तो सोळा वर्षांच्या प्रवासासाठी. नालंदेत तो विद्यार्थी म्हणून बसला. गंगेच्या प्रवाहात लुटारूंनी त्याला धरले आणि देवीपुढे बळी देण्याची तयारी केली होती. तो कसाबसा वाचला. तरीही या भूमीतील सामान्य माणसाच्या सचोटीची नोंद करताना त्याने तो प्रसंग आड येऊ दिला नाही. त्याच्यानंतर आलेला इत्सिंग नालंदेत सुमारे दहा वर्षे राहिला. त्याच्या ग्रंथात दंतकाष्ठाने दात कसे घासावेत, जेवणानंतर हात-तोंड कसे धुवावे, पिण्याचे पाणी आणि शौचाचे पाणी यांची भांडी वेगळी कशी ठेवावीत, यांवर प्रकरणेच्या प्रकरणे आहेत. दैनंदिन जीवनाच्या इतक्या बारीक गोष्टी त्याने का लिहिल्या? भारताला प्रशस्तिपत्र देण्यासाठी नव्हे. आपल्या चिनी बांधवांच्या सवयी सुधाराव्यात म्हणून! तो शिकायला आला होता. ज्या देशाकडून तेराशे वर्षांपूर्वी परकीय माणूस स्वच्छता शिकून गेला, त्या देशाला आज परकीय माणसाने नाकाला रुमाल लावलेला पाहावा लागतो. या दोन घटनांच्या मध्ये जे घडले, त्याचा शोध घेणे हे आपले काम आहे, पाहुण्याचे नव्हे.

मुक्काम आणि कष्ट या दोन कसोट्यांवर अभिप्राय तोलायचा असेल, तर त्यासाठी गोंदिया जिल्हा सोडून दूर जाण्याचे कारण नाही. हा तलावांचा मुलूख आहे. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय आगगाडीतून जाणाऱ्याला दिसत नाही आणि दिसला तरी तो निसर्गनिर्मित सरोवर वाटतो. वास्तविक डोंगरांमधल्या खिंडी बांधाने अडवून, सांडव्याचे पाणी खालच्या तळ्यात, तिथले त्याच्या खालच्या बांध्यांत अशी साखळी गुंफून, कोहळी समाजाच्या माणसांनी गोंड राजांच्या आश्रयाने हजारो तलाव या झाडीपट्टीत बांधले. रसेल या इंग्रज सनदी अधिकाऱ्याने रायबहादूर हिरालाल यांच्या साहाय्याने १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जाती-जमातींच्या ग्रंथात कोहळ्यांच्या या तलावकौशल्याची आवर्जून नोंद आहे. रसेल तीन दिवसांचा पाहुणा नव्हता. त्याने या प्रांतात नोकरी केली, गावोगाव तंबू ठोकले. म्हणून त्याला तळे दिसले आणि तळ्यामागचा माणूसही दिसला.

पण पुढे काय झाले? १९५० च्या दशकाच्या आरंभी मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले, ‘माजी मालगुजारी’ या शब्दांची आद्याक्षरे जोडून कागदोपत्री ते ‘मामा तलाव’ झाले आणि गाळ काढण्याची जबाबदारी कुणाचीच उरली नाही. साहेबाची स्तुती ग्रंथालयाच्या कपाटात तशीच होती. प्रशस्तिपत्राने तलावातला गाळ निघत नाही. ज्यांना मेकॉलेचा खोटा दाखला मुखोद्गत आहे, त्यांना रसेलचा खरा दाखला माहीत नाही, हेही त्यातच आले.

या मुलखाला परकीय पाहुण्याची निराळी वाट पाहावी लागत नाही, कारण मुंबई-पुण्याहून येणारा मराठी माणूस येथे पुष्कळदा परदेशातच आल्यासारखा वागतो. गोंदिया छत्तीसगडात आहे की मध्य प्रदेशात, येथे नक्षलवादी किती, रात्री बाहेर पडावे की नाही, हे त्याचे प्रश्न ठरलेले असतात. दिवाळीनंतर रात्र-रात्र चालणारी झाडीपट्टीची नाटके हजारोंच्या गर्दीत होतात, याचा त्याला पत्ता नसतो आणि येथील बोली कानावर पडली की तो किंचित हसतो. त्याच्या उलट मारुती चितमपल्लींचे उदाहरण आहे. तेही येथे परकेच होते; मूळचे सोलापूरचे. वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला आले, राहिले, गोंड, कोहळी, ढिवर यांच्याकडून पक्ष्यांची, माशांची, झाडांची नावे शिकले आणि मग ‘नवेगावबांधचे दिवस’ लिहिले. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. त्यांच्या शब्दाला वजन आले ते येथल्या माणसांपुढे विद्यार्थी होऊन बसल्यामुळे. इत्सिंगचीच ही परंपरा म्हटली पाहिजे.

आता खऱ्या प्रश्नाकडे यायला हवे. परदेशी पाहुण्याचे मत ज्याला हवे आहे, त्याच्यासाठी या जिल्ह्यात एक संपूर्ण वसाहत उपलब्ध आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यात, इटियाडोह धरणाच्या परिसरात, गोठणगाव-प्रतापगडच्या बाजूला १९७२ मध्ये नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत वसली. १९५९ मध्ये चिनी आक्रमणाने ल्हासाचा उठाव चिरडला, दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्या मागे हजारो लोक हिमालय ओलांडून आले. त्यांपैकी अनेकांना प्रथम पहाडी रस्त्यांची खडी फोडावी लागली. मग देशाच्या वेगवेगळ्या भागांत त्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. त्यांतली ही एक, विदर्भाच्या वैशाखात.

तीन-चार हजार मीटर उंचीवरच्या पठारावर जन्मलेला, याक राखणारा, जवाचे सत्तू खाणारा माणूस पंचेचाळीस अंशांच्या उन्हात आला, हिवतापाच्या रानात राहिला, चिखलात उतरून धानाची रोवणी शिकला. पावसाचे धान घरात आले की हिवाळ्यात गाठोडी बांधून स्वेटर विकायला शहरोशहरी निघायचे, हा देशभरातल्या अशा वसाहतींचा परिपाठ झाला. महाराष्ट्रातल्या कितीतरी मध्यमवर्गीय घरांत मुलांची शाळेची लोकरी बंडी या बाजारातून आलेली आहे. तिथे घासाघीस करताना त्या विक्रेत्या बाईला भाव विचारला गेला, रंग जाईल का हे विचारले गेले. बाई, भारत कसा वाटला, हे किती जणांनी विचारले?

या मौनाचे कारण उघड आहे. आपण परदेशी माणसाचे मत विचारत नाही. आपण सामर्थ्यवान देशाच्या माणसाचे मत विचारतो. ज्याच्या पासपोर्टामागे डॉलर उभा आहे तो ‘पाहुणा’ आणि ज्याच्याकडे पासपोर्टच नाही तो ‘स्वेटरवाला’. ‘अतिथी देवो भव’ हे वचन पर्यटन खात्याने जाहिरातीत वापरून गुळगुळीत केले आहे. परंतु अतिथी म्हणजे ज्याची तिथी ठरलेली नाही, जो न कळवता दारात येऊन उभा राहतो तो. आरक्षण करून येणाऱ्याला व्यवहारात ग्राहक म्हणतात. या व्याख्येने पाहिले तर गोंदिया जिल्ह्यातले खरे अतिथी गोठणगावला राहतात. ते येऊन अर्धशतक लोटले.

प्रवास आणि रोजच्या अडचणी यांविषयी बोलण्याचा अधिकार त्यांच्याइतका कुणाला असेल? कायद्याच्या लेखी ते परकीय आहेत. नोंदणी प्रमाणपत्र काढायचे, मुदतीत त्याचे नूतनीकरण करायचे. परदेशी जायचे तर पासपोर्टाऐवजी पिवळ्या पुस्तिकेच्या रूपातले ओळखपत्र, जे पाहून कित्येक विमानतळांवरचा अधिकारी बुचकळ्यात पडतो. जमीन कसायची, पण ती मालकीची नाही. सरकारी नोकरीची दारे बंद. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती कायद्याने जन्मतःच नागरिक ठरते आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये एका तिबेटी तरुणीच्या प्रकरणात हे स्पष्टही केले. तरीही अनेक जण हा हक्क मागत नाहीत, कारण निर्वासित राहणे हाच त्यांचा आपल्या मातृभूमीवरचा दावा आहे. सोयीसाठी देश न बदलणारा हा पाहुणा आहे! राष्ट्रनिष्ठा या विषयावर आपल्याकडे बौद्धिके होतात. येथे ती पन्नास वर्षे तहसील कचेरीच्या रांगेत उभी आहे.

केंद्र सरकारने २०१४ मध्ये तिबेटी पुनर्वसन धोरण जाहीर केले. वसाहतीच्या जमिनीचे वीस वर्षांपर्यंतचे भाडेकरार, शिधावाटपासारख्या कल्याणकारी योजनांचा लाभ, व्यापाराचे परवाने, स्वेटरविक्रीच्या जागांसाठी सवलत अशा तरतुदी त्यात आहेत. मात्र अंमलबजावणी राज्यांच्या हाती सोपवलेली असल्याने ती राज्याराज्यांत वेगवेगळी झाली. चीनविरोधात सभा होतात, चिनी मालावर बहिष्काराची पत्रके वाटली जातात, ते योग्यच आहे. पण पत्रक वाटणाऱ्याने एकदा अर्जुनी मोरगावच्या रेल्वे स्थानकावर उतरून, पुढे गोठणगावला जाऊन, या धोरणातली कोणती कलमे तिथल्या उंबरठ्यापर्यंत पोहोचली हे विचारून यावे. तोही तिबेटच्या बाजूने केलेला कार्यक्रमच होईल. त्यात घोषणा नसतील इतकेच.

यात उपकाराची भाषा कुणी आणू नये. नालंदेची ग्रंथालये जळाली, तेव्हा इथले कितीतरी संस्कृत ग्रंथ केवळ तिबेटी भाषांतरांत शिल्लक राहिले. आचार्य अतीश १०४२ मध्ये तिबेटात गेले, तेव्हा त्यांना तिथे परदेशी पर्यटक म्हणून प्रश्न विचारले गेले नाहीत. त्यांच्या पायाशी लोक बसले. नऊशे वर्षांनी राहुल सांकृत्यायन १९२९ ते १९३८ या काळात चार वेळा त्या देशात गेले आणि इथे नामशेष झालेल्या ग्रंथांची हस्तलिखिते व प्रती खेचरांवर लादून परत घेऊन आले. ज्यांनी आपली हरवलेली पुस्तके सांभाळली, त्यांची साधी विचारपूस करण्यासही आपल्याला सवड झाली नाही. गोंदिया-नागपूरकडची महाविद्यालये दर वर्षी पर्यटनावर चर्चासत्रे भरवतात. नोर्ग्येलिंगमधल्या पहिल्या पिढीच्या माणसांच्या आठवणी त्यांच्या तोंडून मराठीत टिपून घ्याव्यात, असा प्रकल्प त्यांना सहज हाती घेता येईल. पहिला उन्हाळा कसा काढला, रोवणी कुणी शिकवली, शेजारच्या गावाने कसे वागवले, कुठे फसवले आणि कुठे सांभाळून घेतले, हे त्यात यावे. त्यातले काही ऐकायला कटू असेल. मेयोबाईचे कटू आणि हे कटू यांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक राहील.

हे काम फार लांबवता येणार नाही. हिमालय पायी ओलांडलेली पिढी सर्वच वसाहतींतून संपत आली आहे. तरुण मंडळी शिक्षणासाठी बंगळूर-दिल्लीला जातात आणि तिथून पुढे परदेशी. भारतातल्या तिबेटींची संख्या गेल्या दीड-दोन दशकांत सातत्याने घटते आहे. स्वित्झर्लंडमध्ये, अमेरिकेत, कॅनडातल्या टोरांटोत त्यांचे मोठे समुदाय उभे राहिले आहेत. चार-दोन वर्षांनी त्यांच्या हाती तिथला पासपोर्ट येईल. मग त्यांपैकी कुणी नवेगावबांधला सुटीवर आला, तर त्याच्यापुढेही ध्वनिमुद्रक धरला जाईल आणि भारत कसा वाटला, हे विचारले जाईल. तोवर टोरांटोतल्या शेजाऱ्यांनी तो प्रश्न त्याला कधीच विचारलेला असेल आणि त्याने उत्तरही देऊन टाकलेले असेल.